त्राटिकेचा नारळ

मला शिकवलं आणि आलं नाही, अशी गोष्ट अजून जन्माला यायची आहे! हार्मोनियम, मोडी, पोहणं, केक... सगळं शिकून झालंय. केक जरा बसतो, पण तो ओव्हनचा दोष. त्यामुळे ‘बोहाड्याची सोंगं, मुखवटे आणि ठाकरांची बोली : शिका आणि सहभागी व्हा’ असा मेसेज नगरमध्ये सावेडीतल्या आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर पडला, तेव्हा सगळ्यांच्या आधी नाव कोणी दिलं असेल? बरोबर. नीलांबरीताईंनी!

“अगं, अकोले तालुक्यातल्या डोंगरात राहायचंय. तिथे तुला कोणी अध्यक्षस्थानी बसवणार नाही,” आमचे हे, म्हणजे शामकांत, म्हणाले.

“मी शिकायला चाललेय,” मी म्हटलं आणि बॅगेत दोन सिल्कच्या साड्या टाकल्या. कधी काय प्रसंग येईल सांगता येतं का?

वाडी सुरेख होती. शामकांतही माझ्यावर लक्ष ठेवायला सोबत आले होते. शिकवायला रुपाली नावाची तरतरीत मुलगी होती, शाळेवर शिक्षिका. तिच्या वडिलांच्या, आदिनाथच्या घरात बोहाड्यातल्या, म्हणजे मुखवटे घालून देव-राक्षसांची सोंगं नाचवायच्या जत्रेतल्या, त्राटिका राक्षसिणीचा मुखवटा पिढ्यान्‌पिढ्या होता. यंदा मात्र आदिनाथच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आणि घरात मुलगा नाही. म्हणजे मुखवटा जाणार पलीकडच्या वाडीतल्या चुलतभावाकडे, रंगनाथकडे.

“मग तू नाच की!” मी म्हटलं.

रुपाली मुखवट्याला रंग देता देता थांबली. “ल्हानपनापास्नं बाबांच्या मागं नाचत आलेय, काकू. झोपेत उठवलं तरी पाय पडतील. पन बाईनं सोंग घ्यायची चाल न्हाई. विचारायचं तरी कुनी?” तिचे डोळे भरून आले होते. मला फार वाईट वाटलं. मी मनाशी ठरवलं, हिच्यासाठी काहीतरी करायचंच. कसं, ते ठरवायच्या आतच झालं!

दुसऱ्या दिवशी देवळापुढे बैठक बसली. वाडीचे कारभारी भिमाजीबाबा उभे राहिले. हातात नारळ. बोलायला लागले, “ज्याच्या अंगी धमक, ज्याचा शबुद पक्का, ज्याला समदी मान देत्यात...” इकडे मी पदर सारखा करायला लागले. गेली पंचवीस वर्षं मी ही वाक्यं ऐकतेय! यानंतर कोणाचं नाव येतं हे मला पाठ आहे. भिमाजीबाबांनी नारळ वर धरला आणि सगळीकडे नजर फिरवली. कोणी हलेना. माझ्यामागे बसलेला रंगनाथ फेटा नीट करत होता.

म्हातारे गृहस्थ, नाव विसरले असतील! मी उठले, डोक्यावर पदर घेतला, वाकून नारळ घेतला आणि म्हटलं, “या सत्काराने मी भारावून गेले आहे!”

आणि टाळ्यांची वाट पाहू लागले.

“अगं, बस खाली!” शामकांत मागून कुजबुजले.

“बाई,” भिमाजीबाबा म्हणाले, “सत्कार न्हाई ह्यो. त्राटिकेचा नारळ हाय. घेतला त्यानं नाचायचं.”

“बाईमानसानं?” रंगनाथ उसळला. “काढून घ्या माघारी!”

“देवापुढचा नारळ दिला तो दिला. माघारी घेता येत न्हाई.” बाबांनी कपाळाला हात लावला. “ज्याच्या अंगावर सोंग देवळात परत येतं, त्याच्या घरी मुखवटा ऱ्हातो. आता मुखवटा नगरला जातोय का काय!”

मी रुपालीकडे पाहिलं. तिचा चेहरा असा पांढराफटक पडला होता की मला नारळ हातात जड झाला. पण मी घाबरणाऱ्यातली नाही! “बाबा, सोंग घेणारा दमला तर?”

“जोडीदार घेतो. कमरंला धरून संगं असतो त्यो.”

“मग माझी जोडीदार रुपाली!” मी जाहीर केलं. भिमाजीबाबांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि मिशीत हसले. रंगनाथ नुसताच फुरफुरला.

तालीम जोरात झाली. “काकू, उजवा... उजवा... तुमचा उजवा!” असं रुपाली दिवसभर ओरडायची. मला सगळं येत होतं. संबळवालाच चुकत होता.

बोहाड्याच्या दिवशी त्राटिका उजाडता उजाडता निघते. दोन्हीकडे माणसांची भिंत. माझ्या आणि मागून कंबर धरलेल्या रुपालीच्याही अंगावर काळं लुगडं, माझ्या तोंडावर तो लालभडक, सुळेवाला मुखवटा. बेत सोपा होता : मी चार पावलं झोकात टाकायची आणि मग दमायचं. आधीच का दमायचं नाही, असं शामकांतनी विचारलं होतं. पण एवढी तालीम केलेली!

संबळ वाजला. मी पहिली गिरकी अशी घेतली की रुपालीच्या हातातून माझी कंबरच सुटली! आणि तेव्हा लक्षात आलं की मुखवट्याला डोळे असले तरी ते माझ्या डोळ्यांसमोर नाहीत. दिसत होतं ते फक्त स्वतःच्या पायाचं बोट. ओरडावं, तर मुखवटा चढवल्यावर बोलायचं नाही, हा नियम. मी! आणि बोलायचं नाही! घरच्यांनी हे वर्षानुवर्षं करून पाहिलंय, जमलेलं नाही.

मी अंदाजाने देवळाकडे निघाले. पण सोंग जाईल तिकडे वाजंत्र्यांनी जायचं अशीही चाल, त्यामुळे मी वाट चुकले तसा अख्खा बोहाडा माझ्यामागे वाट चुकला! पोरं किंचाळत पळाली, त्यामुळे मला आणखीच हुरूप आला. मी उसळून उडी मारली ती थेट गोडीशेवेच्या दुकानावर. फळकूट मोडलं, पराती उलट्या झाल्या आणि मी शेवेत बसले.

“आरं, मेलो! त्राटिका आली!” शेववाला ओरडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, यंदा नवीन काढलंय!

तेवढ्यात कोणीतरी आडवी घोंगडी धरली. “काकू, दमलात का?” घोंगडीमागून रुपालीचा आवाज आला. मी मान इतक्या जोरात हलवली की मुखवटा आपोआप सुटला.

घोंगडी खाली झाली आणि त्राटिका उठली. काय सांगू तुम्हाला! जमीन दणाणली. तोच मुखवटा, पण आता तो रागावत होता, मान उडवत होता, गर्दी मागे सरत होती. संबळवाला उभं राहून वाजवायला लागला. कडेला काठी टेकून उभा असलेला आदिनाथ दुखऱ्या पायानं ताल धरत होता आणि रडत होता. मीही मोडक्या फळकुटाआड शेव झटकत ढसाढसा रडले.

देवळाच्या पायरीवर मुखवटा उतरला आणि घामाने निथळलेली रुपाली दिसली. भिमाजीबाबा पुढे झाले. “सोंग कुनाच्या अंगावर परत आलं, समद्यांनी बघितलं. मुखवटा रुपालीच्या घरी!” रंगनाथने तोंड उघडलं, पण शिट्ट्यांमध्ये त्याचं काही ऐकूच आलं नाही.

वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बनुबाई वाट काढत आल्या, रुपालीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. “लई भारी नाचलीस गं! पन सुरवातीला काय झाल्तं? म्हस घसरल्यावानी काय करत हुतीस? आन् त्या गरीब शेववाल्याच्या अंगावर कशापायी गेल्तीस?”

रुपालीने माझ्याकडे पाहिलं. शामकांतनी माझ्याकडे पाहिलं. भिमाजीबाबांनी तर खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

मी पुढे झाले. रुपालीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, “आजी, पहिलीच वेळ आहे हो पोरीची. शिकेल हळूहळू!”