नामाचा तांबडा पट्टा

माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात भटजी मामाला हाका मारून दमले. मामानं नवरीमागं उभं राहायचं, तर आमचा मामा ओढ्याच्या दरडीला नाक लावून उभा. बोलवायला गेलो तर मलाच विचारतो, "दाजी, इथवर पट्टा हाय. फुडं कुठं गेला?"

हा नामा. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, धंदा विहिरी खोदायचा. आमच्या घाटावरच्या कर्जत भागात काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कुठंकुठं तांबड्या मातीचा पट्टा असतो. झरा त्याच पट्ट्यावर लागतो, असं नामाचं म्हणणं. त्यामुळं एसटीतसुद्धा दरड दिसली की हा उठून उभा. कंडक्टर म्हणायचा, "बसा पाहुणं, दरड काय पळती का?"

"पळती," नामा म्हणायचा.

बहात्तरच्या दुष्काळात आमची दोघांची सामाईक विहीर तळाला गेली. नामाची बायकापोरं ऊस तोडायला देवळाली प्रवरेकडं निघून गेली. हा एकटा मागं राहिला. "पानी लागू द्या, दुसऱ्याच दिशी घेऊन येतो त्यांना."

मी म्हणालो, खाली नुसता कातळ आहे, मी विहिरीला हात लावणार नाही.

"आपला पट्टा खाली बसलाय, दाजी. चला, समुद्रावर दावतो. का भ्यालात?"

भ्यालात म्हटल्यावर मी निघालो. तो पूर्वी कोकणात दगडकामाला होता, तिथला एक कडा त्याच्या डोक्यात बसलेला.

समुद्र मी पहिल्यांदा बघितला. एवढं पाणी आणि ओंजळभर पिता येत नाही, याचा मला रागच आला. नामा समुद्राकडं पाठ करून उभा होता.

कडा म्हणजे जमिनीला पडलेली उभी पायरी. एका अंगाला उंच पठार, दुसऱ्या अंगाला खाली बसलेलं. समुद्रानं ती पायरी भाकरी मोडावी तशी मोडली होती, आतले थर उघडे पडलेले. उंच बाजूला तांबडा पट्टा आमच्या डोक्याच्या कितीतरी वर होता. तो पायरीतल्या उभ्या भेगेपाशी आला आणि संपला. पलीकडं नुसता काळा दगड.

"कुठं गेला सांगा."

"संपला."

"खाली बगा की वो!"

भेगेपलीकडं, वाळूला टेकून, तोच पट्टा पुन्हा सुरू होत होता. तीच जाडी, खाली तीच पांढऱ्या खड्यांची ओळ.

पट्टा किती खाली बसलाय ते मोजायला नामानं डोक्याचा पटका सोडला, एक टोक मला धरायला लावलं आणि दुसरं घेऊन माकडासारखा वर चढला. एका कोळिणीनं विचारलं, कडा बांधून नेणार की काय. पटका पुरला नाही. नामा माझं धोतर मागायला लागला, मी दिलं नाही.

"जमीन बसती, दाजी, पट्टा मरत न्हाई. आपल्याला अजून दोन मानसांएवढं खोल जाऊ द्या. खोदतो मी. तुमी वरनं फकस्त दोर वढा."

मला सगळं दिसलं होतं. लख्ख दिसलं होतं. मी म्हणालो, "हे कोकण हाय. आपली जमीन अशी बसत न्हाई."

त्यानं वाळूसकट पटका डोक्याला गुंडाळला. परतताना घाटात दोन्ही बाजूंना दरडी होत्या. तो जागचा उठला नाही.

नंतर तो एकटाच विहिरीत उतरू लागला. मी तिकडं फिरकलो नाही. पंधरा दिवसांनी बायकोनं भाकरी बांधून दिल्या, "भावाला द्या जावा."

विहिरीवर कोणी नव्हतं. कप्पीवरून दोर आत सोडलेला. काठावर नव्या दगडांचा ढीग, सगळा काळा. मी बोटानं उकरून बघितला. चिमूटभर तांबडं सापडलं नाही.

खाली पहार थांबली. पाटी भरली असावी. आवाज आला, "वढा दाजी!"

मला वाटलं, बघितलं यानं. मी दोराला हात घालणार, तोच तो पुढं बोलला, "दमानं वढा. कंबर धरंल तुमची. आन् ही बाई कुठं राह्यली? चा टाक म्हनावं दाजींना. पोरांनो, काठाला जाऊ नका रं!"

वर बघतच नव्हता तो; बायकापोरं तर तिकडं ऊस तोडत होती. मग तो स्वतःच धापा टाकत वर चढायला लागला, पाटी ओढायला.

त्याचं डोकं वर यायच्या आत मी भाकरी काठावर ठेवून निघालो.

घरी बायकोनं विचारलं, "एकलाच हाय का वो तिथं?"

"न्हाई," मी म्हणालो. "दोराला मानूस हाय."