न तुटणारी सळई

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी सळई तुटली. 'टक्' एवढाच आवाज झाला, पण सळईमामा ताडकन उठले.

सरकारी अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या खोलीत एक यंत्र हातभर लांब, अंगठ्याएवढी जाड सळई दिवसभर वाकवायचं आणि सरळ करायचं. ती कधी तुटते ते बघायचं, एवढाच प्रयोग. तो एकवीस वर्षं चालू होता. 'सळई तुटेपर्यंत विभाग चालू ठेवावा' असा आदेशच होता, आणि विभाग म्हणजे ते यंत्र, एक स्टूल आणि स्टुलावर अठरा वर्षं बसलेले मामा.

आता आपल्यातच राहू द्या, पण मामांच्या हाताखाली सळई याआधी नऊदा तुटली होती. दर वेळी ते कपाटातली नवी सळई चढवायचे आणि तुटलेली डब्याच्या पिशवीतून घरी न्यायचे. करणार काय बिचारे? सळई तुटली की विभाग बंद आणि मामा घरी! निवृत्तीला सात महिने उरले होते. मग मामींबरोबर लेकीकडे जाऊन राहायचं, हे कधीचं ठरलेलं. त्यात सरकारनं प्रयोगशाळाच विकायला काढलेली. घेणाऱ्या कंपनीचे साहेब आज अकराला पाहणीला येणार होते, आणि कुठले विभाग बंद करायचे त्याची यादीच करणार होते.

मामांनी कपाट उघडलं. रिकामं! त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा काढ."

"कालच तर धुऊन लावलाय!"

"पडदा नकोय गं, त्याची सळई हवीय. इथल्या कपाटातलीच आहे ती, एक कोरी मी आणली होती. घेऊन ये, पळत!"

मामी आल्या, पण फाटकावर पहारेकऱ्यानं अडवलं.

"मामी, हे काय?"

"पडद्याची सळई."

"आत कशाला?"

"का? आत खिडक्या नाहीत?"

पहारेकरी पेचात पडला. "बाहेर नेणाऱ्यांना कसं पकडायचं ते मला पाठ आहे हो. आत आणणारं माणूस पहिल्यांदाच बघतोय." शेवटी त्यानं वहीत लिहिलं : 'खासगी सळई, नग एक, सरकारी आवारात दाखल.' म्हणजे खासगीकरण तसं पावणेअकरालाच सुरू झालं होतं.

अकराला दोन मिनिटं असताना मामांनी सळई आवळून यंत्र सुरू केलं आणि कपाळावर हात मारला. पडद्याची एक कडी सळईतच राहिली होती! यंत्र हलेल तशी ती खुळखुळत होती. काढायला वेळच नव्हता, कारण कंपनीचे साहेब दारात उभे होते. बरोबर प्रयोगशाळेचे संचालक.

"ही कडी कसली?" कंपनीच्या साहेबांनी विचारलं.

मामा कडीसमोर आडवे उभे राहिले. संचालक मात्र शांतपणे म्हणाले, "कंपनं कळायला. आमची स्वतःची पद्धत आहे."

साहेबांनी वाकून सळई निरखली. "एकवीस वर्षं? आणि साधा ओरखडाही नाही?" ते बाहेर जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलले आणि हसतच आत आले. "यादी रद्द! एकही विभाग बंद करत नाही. एकशे चाळीसच्या एकशे चाळीस माणसं ठेवतो. पण ही सळई आम्हाला हवी!"

ते गेल्यावर मामांना राहवेना. "साहेब, चुकलो मी. सळई सकाळीच तुटली. ही आमच्या घरच्या पडद्याची आहे."

संचालकांनी दार लावून घेतलं. "मामा, तुमच्या आधी या स्टुलावर कोण बसायचं?"

"तुम्हीच की."

"माझी अकराव्या दिवशीच तुटली होती."

मामांनी वळून स्टुलाकडे बघितलं.

"आता तोंड उघडाल तर एकशे चाळीस जण घरी जातील," संचालक म्हणाले. "आणि अभिनंदन! करारात त्यांनी अट घातलीय. सळई तुटेपर्यंत तुम्हाला निवृत्त करायचं नाही."

संध्याकाळी मामा घरी पोचले. उघड्या खिडकीतून समोरच्या घरातली सगळी मंडळी यांच्या स्वयंपाकघरात बघत होती. मामांनी खाली मान घालून सगळं सांगितलं.

"म्हणजे ती तुटली की तुम्ही सुटणार?" मामींनी विचारलं.

"हो."

"आणि तुटली की नवी बसवणार कोण?"

"मीच."

मामींनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. अठरा वर्षांचा सगळा हिशेब त्यांच्या एकदम ध्यानात आला. त्यांनी लेकीला फोन लावला.

"आमचं काही जमत नाही बाई, तूच ये," त्या म्हणाल्या. "आणि येताना सळया घेऊन ये. हातभर लांब, अंगठ्याएवढ्या जाड. आण चांगल्या डझनभर."