तिसऱ्या खेपेचं हो

आपटेकाकांना चहा विचारला की ते “नको” म्हणतात. पुन्हा विचारलं की “उगाच कशाला” म्हणतात. तिसऱ्यांदा विचारलं की “बरं, अर्धा कप” म्हणतात आणि दोन कप पितात. अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात, ते आमच्या समोर राहतात, नागरिकत्व मिळूनही पंधरा वर्षं झाली, पण पहिल्या खेपेत हो म्हणणं त्यांच्या लेखी अजून हावरटपणाच. इथले जुने शेजारीही कॉफीला आधी नकोच म्हणतात, त्यामुळे काकांचं आजवर निभावलं होतं.

कॉकसच्या दिवशी मात्र मला काकांचीच काळजी होती. कॉकस म्हणजे पक्षाची आळीतली सभा. संध्याकाळी शाळेच्या वर्गात शेजारीपाजारी जमतात आणि पुढच्या अधिवेशनासाठी आपला प्रतिनिधी निवडतात. आमच्या भागाला जागा एकच होती आणि काकांनी ती फार मनावर घेतली होती. मी दारातला बर्फ ओढत असले की मला थांबवून भाषण ऐकवायचे. नवा कोटही घेतला होता. त्यांचं नाव मी सुचवायचं ठरलं.

गाडीत मी बजावलं, “काका, विचारलं की लगेच येस म्हणायचं. ते एकदाच विचारतात.”

“अगं, लगेच कसं? टपून बसलोय असं वाटेल.”

“टपूनच बसलोय ना आपण?”

“ते लोकांना कशाला सांगायचं?”

वर्गात वीसेक माणसं लहान मुलांच्या खुर्च्यांवर कशीबशी बसली होती. अध्यक्ष बार्बरा ही भराभर कामं उरकणारी बाई. मी काकांचं नाव सुचवलं, तिनं ते फळ्यावर लिहिलं.

“मिस्टर आपटे, डू यू ॲक्सेप्ट?”

काका उभे राहिले. कोटाचं बटण लावलं. मी मागून त्यांचा कोट ओढला.

“ओ नो, नो,” काका लाजून हसले. “देअर आर सो मेनी बेटर पीपल.”

आणि वाट बघत थांबले.

मी तोंड उघडेपर्यंत बार्बरानं “थँक यू फॉर बीइंग ऑनेस्ट” म्हणत फळा पुसलासुद्धा. मागून एक बाई “आय विल डू इट” म्हणाली, हात वर झाले, टाळ्या पडल्या. काका अजून उभेच होते. मला स्वतःचाच राग आला. वेळेवर ओरडायला काय झालं होतं मला?

परतताना गाडीत काकांनी कोटाचं बटण सोडलं.

“दुसऱ्यांदा विचारतील असं वाटलं,” काका म्हणाले.

“इथे नाही हो विचारत, काका.”

“घरी तरी आता कोण विचारतंय? तुझी मालतीकाकू होती तोवर नको म्हणायला मजा यायची. आता नको म्हटलं की नकोच.”

मी म्हटलं, “आमच्याकडे जेवायला चला. पिठलं केलंय.”

“नको गं.”

“सगळं तयार आहे.”

“उगाच कशाला त्रास.”

मी आमच्या दारात गाडी उभी केली. “काका, चला.”

समोरच्या आपल्या अंधाऱ्या घराकडे ते जरा वेळ बघत राहिले. मग त्यांनी पट्टा सोडला.

“बरं,” ते म्हणाले, “पण अर्धीच भाकरी हं.”