कपबशीची आचारसंहिता

एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेल्या माणसाला टॅब्लेटवर चित्र काढणं काय अवघड असणार? वर्तुळ, रेघ आणि वळण, एवढ्या तीन गोष्टींत सगळं जग येतं! आमच्या मुलीने, क्रिस्टीनाने, निवृत्तीची भेट म्हणून टॅब्लेट हातात ठेवला त्याच दिवशी मी तिला हे सांगितलं. चित्रांचं सॉफ्टवेअर कसं चालवायचं हे तिने दोन तास दाखवलं. मी दहा मिनिटं पाहिलं. बाकीचं मला येतच होतं.

त्याच जोरावर मी जॉनच्या घरी जाऊन जाहीर केलं, की फेलिशियाच्या लग्नाचं बोधचिन्ह मी करणार. जॉन हा माझ्या बायकोचा, बेटीचा, थोरला भाऊ. बोळिंजला त्याची केळीची वाडी आहे आणि फेलिशिया ही एकुलती एक मुलगी. पत्रिका, पाण्याच्या बाटल्या, नॅपकिन, मांडवाची कमान, सगळीकडे एकच चिन्ह असेल, असं मी त्याला समजावलं. जॉनने माझ्याकडे संशयाने पाहिलं. त्याच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी पडद्यावर कबुतर रंगवलं होतं आणि पाहुण्यांनी ते कोंबडी समजून जेवणाची चौकशी केली होती. हे तो विसरला नव्हता.

"कर," तो शेवटी म्हणाला. "पण माझ्या पोरीच्या लग्नात लोक हसता कामा नयेत. हसले, तर तुझं-माझं बोलणं बंद."

आधी मी केळीचा लोंगर, म्हणजे अख्खा घड, काढला. तो हातमोज्यासारखा दिसला. कबुतर काढलं, पुन्हा कोंबडीच झाली. बदाम काढला, तर बेटीने हृदयविकाराच्या डॉक्टरची पाटी कशाला करताय, असं विचारलं. टॅब्लेटवर वळण हा प्रकार फार हट्टी असतो. एक टोक धरून ओढावं, तर दुसरंच कुठलं तरी फुगतं.

मग मी अवघड वळणांचा नाद सोडला. अर्धं वर्तुळ, त्याखाली चपटं वर्तुळ, बाजूला एक कडी. झाली कपबशी! आणि तिला अर्थही होता. नवरामुलगा रायन पाण्याचे फिल्टर दुरुस्त करतो. जॉनकडे तो फिल्टर बसवायला आला, फेलिशियाने चहा दिला आणि त्यानंतर तो फिल्टर दर आठवड्याला बिघडायला लागला. कप म्हणजे रायन, बशी म्हणजे फेलिशिया, एकाला सोडून दुसऱ्याला शोभा नाही, असं मी घरच्यांना सांगितलं. मी स्वतः जन्मभर चहा बशीत ओतून पीत आलोय. बशीची थोरवी मला कुणी शिकवायला नको. फेलिशियाने बशी मीच का, एवढंच विचारलं. जॉनने कोंबडी नाही याची खात्री करून घेतली आणि होकार दिला.

चिन्ह उठून दिसावं म्हणून मी ठसठशीत काळ्या रेघा वापरल्या. उजवीकडे चौकटीत कपबशी, डावीकडे रायन आणि फेलिशियाची नावं. का कोण जाणे, हात आपोआप तसा वळला. पत्रिका छापून घरोघर गेल्या. गावातला मांडववाला काशीराम, त्याने प्लायच्या चाळीस कपबश्या कापून रंगवल्या. केकसुद्धा कपबशीच्या आकाराचा सांगितला.

आणि नाताळच्या तोंडावर महापालिकेची निवडणूक लागली.

ही निवडणूक इतकी वर्षं आज होणार, उद्या होणार अशी चालली होती, की आम्ही तिची आशाच सोडली होती. काशीराम दर निवडणुकीला अपक्ष उभा राहतो आणि पडतो. त्यात कुणाला, खुद्द त्यालाही, काही वावगं वाटत नाही. लग्नाला चार दिवस उरले असताना मी ओट्यावर चहा पीत होतो. समोरून कर्णा लावलेली रिक्षा गेली. काशीरामभाऊंची निशाणी कपबशी, असं ती ओरडत होती. माझ्या हातात बशी होती. ती मी आधी खाली ठेवली आणि मग काशीरामकडे धावलो.

दुसरं चिन्ह मिळत नव्हतं का, असं मी त्याला विचारलं.

"मिळत व्हतं ना सर. छत्री व्हती, पतंग व्हता," काशीराम शांतपणे म्हणाला. "मीच कपबशी मागितली. चाळीस नग तयार पडलेत आपल्याकडे. लग्न झाल्यावर फुकट जानार व्हते."

मी घरी आलो. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. एक चिन्ह बदललं, की त्याच्या सगळ्या नकला एकदम बदलतात. मी कपबशीचं फूल केलं. टॅब्लेटमधल्या सगळ्या कपबश्यांची क्षणात फुलं झाली. पत्रिकांवरच्या आणि मांडवातल्या झाल्या नाहीत. जॉनला काही सांगायचं मला धैर्य झालं नाही. कुणाच्या लक्षात येणार नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

लग्नाच्या दिवशी वाडीच्या फाटकावर मोठा बॅनर होता. त्यावर रायन आणि फेलिशिया हसत उभे, खाली 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' आणि शेजारी चौकटीत कपबशी. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, लग्नाची मिस्सा झाली, वरात मांडवात आली, नवराबायको स्टेजवर उभे राहिले आणि शुभेच्छा द्यायला रांग लागली. रांगेत सात-आठ अनोळखी माणसं दिसली. ती पलीकडच्या नव्या कॉम्प्लेक्समधली होती. आमच्या प्रभागातून चार नगरसेवक निवडायचे असल्यामुळे, काशीरामच्या पॅनलमध्ये हे दोन तरुण चेहरे आहेत, असं त्यांनी बॅनरवरून ठरवलं होतं. त्यांच्या पुढारी मंदाताईंनी रायनच्या हातात पाकीट दिलं. आत पाण्याच्या तक्रारीचा अर्ज होता. रायनने आहेर समजून आभार मानले आणि जेवून जायचा आग्रह केला.

"जेवण राहू द्या. आधी आमच्या पाण्याचं बघा," मंदाताई म्हणाल्या.

रायनला वाटलं, फिल्टरचं गिऱ्हाईक आहे. त्याने सोमवारी सकाळी दहाला येतो म्हणून सांगितलं. त्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. आजवर एकाही उमेदवाराने त्यांना वार आणि वेळ सांगितली नव्हती.

तेवढ्यात निवडणुकीचं भरारी पथक आलं. कुणीतरी तक्रार केली होती. बरोबर कॅमेरावाला होता. पथकाचा अधिकारी सुजय माझ्या ओळखीचा निघाला, कारण मागे आम्ही दोघांनी एकाच मतदान केंद्रावर ड्युटी केली होती. त्याने मांडवभर नजर फिरवली. चाळीस कपबश्या होत्या आणि खुद्द उमेदवार शिडीवर चढून दिव्यांची माळ नीट करत होता. हे कुणी काढलं, असं सुजयने विचारलं. मी काढलं, असं मी म्हणालो.

"तरीच," तो म्हणाला. "सर, ही डिट्टो मतपत्रिका आहे. डावीकडे नाव, उजवीकडे चौकटीत चिन्ह."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एकतीस वर्षांत शाळेने मला अकरा वेळा निवडणुकीच्या कामाला धाडलं होतं. हाताला चिन्ह म्हटलं की एवढंच ठाऊक होतं.

मग सुजयच्या हुकमावरून खळ आली, वर्तमानपत्रं आली आणि चाळीसही कपबश्या झाकल्या गेल्या. बॅनर झाकला. केकवर रविवारची पुरवणी पसरली. जॉन नव्या सुटात, दोन्ही हात खळीने भरलेले, माझ्याकडे बघत उभा होता. कोणी हसत नव्हतं. अजून सगळं सावरेल, असं मला वाटलं.

अशात बेटीने पथकाला चहा आणला, आणि तोही पाहुण्यांसाठीच्या कपबश्यांतून. सुजय एक पाऊल मागे सरकला. उमेदवार हजर असताना मांडवात चारशे लोकांना कपबशी वाटायची की नाही, हे त्याला ठरवता येईना. त्याने साहेबांना फोन लावला. साहेबांनी त्यांच्या साहेबांना लावला. पाव तासाने निर्णय आला आणि सुजयने तो माइकवरून वाचून दाखवला.

"कपाला हरकत नाही. बशीलाही हरकत नाही. दोन्ही एकत्र आढळू नयेत."

मग वाढप्यांनी सगळे कप मुलीकडच्या टेबलावर मांडले आणि सगळ्या बश्या मुलाकडच्या. पहिली हसली ती खुद्द नवरी. मग रायन हसला आणि मग चारशे माणसं. जॉन तेवढा हसला नाही. त्याने हात पुसले आणि पाठ फिरवली. मला मनापासून वाईट वाटलं. पोरीच्या बापाने एकच गोष्ट मागितली होती.

काशीराम नेहमीप्रमाणे पडला. रायन सोमवारी दहाला कॉम्प्लेक्समध्ये गेला आणि त्याने पंपाचा व्हॉल्व्ह बदलून दिला, त्यामुळे तिथले लोक अजून त्याला नगरसेवकच म्हणतात. जॉनने मात्र महिनाभर माझ्याशी शब्द काढला नाही.

महिन्याने फेलिशियाने आम्हाला आपल्या फ्लॅटवर चहाला बोलावलं. जॉनही आलेला होता, खिडकीतून बाहेर बघत बसलेला. फेलिशियाने माझ्यापुढे कप ठेवला, नुसता कप. रायन बशी घेऊन दाराबाहेर जिन्यात उभा होता. मी बशी मागितली.

"परवानगी नाही, अंकल," फेलिशिया म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

खिडकीकडून आधी खोकल्यासारखा आवाज आला. मग जॉनचे खांदे हलायला लागले, आणि शेवटी तो डोळे पुसत माझ्याकडे वळला.

"पी की, क्लिफर्ड," तो म्हणाला. "थांबलास कशाला?"

महिन्याने माणूस आपणहून बोलला होता. अशा वेळी बशीसाठी अडून बसणं बरं दिसलं नसतं. मी तो कढत चहा कपानेच प्यायलो. जीभ अजून हुळहुळतेय.