पानसुलचा खोकला

ट्रॅक्टर पुन्हा तिथंच बंद पडला. टेकडीच्या वळणावर, पानसुलच्या थडग्याच्या बरोबर खाली.

आधी दोनदा खोकला, खॉक, खॉक. मग घशात कफ अडकावा तशी घरघर. मग धुराड्यातून पांढऱ्या धुराचा एक जाड लोट, आणि त्यानंतर अशी शांतता की शेताच्या बांधावरचे बेडूकही गप्प झाले. सकाळचं धुकं अजून उठलं नव्हतं. वारा खाली दरीकडे वाहत होता, पण धूर मात्र उलटा टेकडी चढला, थडग्याच्या त्या गवताळ गोल उंचवट्यापाशी गेला आणि त्याच्याभोवती रेंगाळत राहिला. हे मी स्वतः पाहिलेलं नाही. पण ज्यांनी पाहिलं, त्यांच्यातलं कुणीही माझ्याइतकं खोटं बोलत नाही.

स्टिअरिंगमागे ओकबुन बसली होती. सत्तरी ओलांडलेली, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, पायात रबरी बूट. तिनं खाली उतरून बॉनेटवर हात ठेवला आणि थडग्याकडे न बघताच विचारलं, "आता काय हवंय हो तुम्हाला?"

डिझेल आहे का बघावं म्हणून तिनं टाकीचं झाकण फिरवलं. टाकीतून एक लांब, दमलेला उसासा बाहेर आला. हुस्स्स्स.

ओकबुनच्या हातातून झाकण पडलं. हा उसासा तिच्या ओळखीचा होता. चाळीस वर्षं रोज दुपारी कामावरून येऊन ओट्यावर टेकताना तिचा नवरा पानसुल अस्साच उसासा टाकायचा. आणि वर वास! डिझेलच्या वासात मिसळलेला माकगलीचा, तांदळाच्या त्या दुधाळ दारूचा आंबूस वास. हासुद्धा ओळखीचाच.

पानसुल गेला तो सुगी संपता संपता. माणूस भला, पण व्यवहाराला अगदी निरुपयोगी. एकदा बैल विकायला बाजारात गेला आणि गिऱ्हाइकानं दावं हातात घेतल्यावर त्याला बाजूला नेऊन म्हणाला, "डाव्या बाजूला उभे राहू नका. लाथ मारतो." बैल घेऊन घरी परत आला. खोटं बोलायचं म्हटलं की त्याला ठसकाच लागायचा.

त्याच्यामागं राहिलं एक शेत, एक ट्रॅक्टर आणि ओकबुन. मुलगा इनसू तिकडं राजधानीत, सोलला असतो. त्यानं फोनवर साफ सांगितलं होतं, "आई, यंदा तुझी तू चिखलणी करून रोपं लावून दाखव. जमलं तर राहा गावात. नाही तर ट्रॅक्टर विकू, शेत दुसऱ्याला कसायला देऊ, आणि तू इकडं ये. चौदाव्या मजल्यावर तुझी खोली तयार आहे."

"चौदाव्या मजल्यावरून बेडूक ऐकू येतात का रे?"

"काच बंद केली की काहीच ऐकू येत नाही. इतकं छान आहे!"

त्या रात्री ओकबुनला झोप आली नाही.

म्हणून तर तिनं सगळं रीतीप्रमाणे केलं होतं. घरधन्याच्या माघारी गाडी पहिल्यांदा बाहेर काढायची, तेव्हा चाकांवर माकगली ओतली, बॉनेटवर ओतली, हात जोडले. मग सुका मासा पांढऱ्या दोऱ्यानं गुंडाळून गाडीला बांधला. आमच्याकडं दुकान उघडलं तरी बांधतात, मोटार घेतली तरी बांधतात. मासा डोळे मिटत नाही, म्हणून तो राखण करतो. आता पानसुलच्या जुन्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर दोरा बांधण्याजोगी एकच गोष्ट वर आलेली होती, ती म्हणजे डिझेलच्या टाकीचं झाकण. ओकबुननं मासा त्याच्यावर आडवा ठेवला आणि हात दुखेपर्यंत दोरा गुंडाळला.

आणि तरी हे असं.

तिनं गावातल्या दुचिलला बोलावलं. दुचिल पंप, फवारे, ट्रॅक्टर, कपडे धुण्याची मशिनं, सगळंच दुरुस्त करायचा. पानसुलला तो दादा म्हणायचा, म्हणून ओकबुन त्याची वहिनी. तो अंगणात आला, ट्रॅक्टरभोवती फिरला आणि म्हणाला, "वहिनी, इंजिन माणसासारखं असतं. धूर बघून रोग सांगतो मी. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेलमध्ये पाणी."

"आणि पांढरा असून दारूचा वास येत असेल तर?"

दुचिलनं धुराड्यात नाक खुपसून हुंगलं. "ते मला शिकवलं नाही कुणी."

त्यानं झाकण काढलं. पुन्हा तो उसासा. दुचिल चार पावलं मागं सरला, मग स्वतःला सावरून त्यानं माशासकट ते झाकण अदबीनं अंगणातल्या झाडाच्या फांदीवर टांगलं आणि कामाला लागला. फिल्टर बदलला. पाइपातली एअर काढली. नोझल साफ केले. एअर क्लीनर झटकला, त्यातून चिमणीचं अर्धं घरटं निघालं. इंजिन चालू केलं, तर एकदम गोड आवाज. दोघं ओट्यावर बसून जेवले, इंजिन चालूच. जेवण झालं, गप्पा झाल्या, इंजिन चालूच.

"बघा! माझा हात लागला की बरं होतंच," दुचिल म्हणाला. त्यानं झाकण घट्ट बसवलं, मासा सरळ केला, सुटलेला दोरा आणखी आवळला. ओकबुन ट्रॅक्टर घेऊन निघाली.

थडग्याखाली आली. खॉक, खॉक. घरघर. पांढरा लोट. शांतता.

दुचिल मागून सायकलवर येत होता. तो तिथंच थांबला. धुक्यातून तितर पक्षी केकाटला, तसं त्यानं सायकल आडवी टाकली. "वहिनी, अंगणात का नाही बंद पडला?"

"अंगणात ते नाहीत ना. ते इथं आहेत."

"दादा का अडवतील तुम्हाला?"

"तहान लागली असेल. या वेळेला एक वाटी लागायचीच त्यांना."

मग तिथंच बॉनेटवर माकगली ओतली. झाकणावर, माशावर, दोऱ्यावर, सगळीकडं. दोरा नवा आणला, आणखी गुंडाळला. बाटलीत उरलेली दारू वाया जाऊ नये म्हणून दुचिलनं घेतली. झाकण उघडून बंद केल्यावर इंजिन सुरूही झालं, पण शेतात अर्धा तास चाललं न चाललं तोच खोकून मेलं.

पुढं रोज तेच. रोज दुचिल अंगणात बिघाड शोधायचा आणि इंजिन ठणठणीत असायचं. रोज थडग्याखाली खोकला. रोज वाटी, रोज दोरा. धूर दिवसेंदिवस जास्त पांढरा आणि जास्त आंबूस व्हायला लागला. झाकणावरचा मासा दोऱ्यात इतका गुरफटला की नुसते डोळे बाहेर राहिले. गावातल्या बायका त्या वाटेनं जायच्या बंद झाल्या. तिकडं वाफ्यातली रोपं वीतभर झाली, आता पिवळी पडतील अशी, आणि इनसूचा फोन आला, "रविवारी येतोय. बघू काय काय झालंय."

शेवटी एका सकाळी दुचिल ओट्यावर डोकं धरून बसला. रोजचा प्रसाद वाया जाऊ देत नव्हता ना तो.

"वहिनी, डोकं फुटतंय. सुक्या माशाचं गरम सार मिळालं तर बरं वाटेल."

"घरात मासा नाही."

दोघांनी एकाच वेळी ट्रॅक्टरकडं पाहिलं.

"छे छे," दुचिल म्हणाला. "राखणीचा आहे तो."

"राखण कसली करतोय मेला! नुसता डोळे वटारून बसलाय." ओकबुननं विळी घेतली, दोरा सपासप कापला, मासा दगडावर ठेचला आणि मुळा घालून सार केलं. दुचिलनं आधी माशाची माफी मागितली, मग दोन वाडगे प्यायला.

त्या दिवशी ट्रॅक्टर थडग्याखाली आला. ओकबुननं डोळे मिटून घेतले. इंजिन गडगडत पुढं गेलं. तिनं डोळे उघडले, तेव्हा शेत समोर होतं.

दुचिल धावत मागं आला आणि तिथंच झाकण काढून उलटसुलट बघायला लागला. झाकणाच्या मधोमध एक बारीक भोक होतं. त्याच्या कडांना दोऱ्याचे तंतू आणि तांदळाचा सुकलेला गाळ चिकटला होता; मधला बोळा सकाळी दोऱ्याबरोबरच निघाला होता. त्यानं तार घालून ते पुरतं मोकळं केलं, आणि त्याचा चेहरा पडला.

"वहिनी, टाकीतलं डिझेल जसं खाली जातं, तशी वरून हवा आत जायला लागते. या भोकातून. ते बंद झालं की टाकी डिझेल सोडत नाही, इंजिन उपाशी मरतं. घरापासून इथपर्यंत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात मरतं. अंगणात मी झाकण काढून ठेवायचो, म्हणून तिथं चालायचं. झाकण काढलं की हवा आत घुसते, तो तुमचा उसासा. आणि उरलेल्या फटीतून आपण रोज दारू पाजत होतो."

"म्हणजे हे नव्हते?"

"नव्हते दादा."

ओकबुन थडग्याकडं बघत राहिली. तिला हायसं वाटायला हवं होतं. "बरं," एवढंच म्हणाली ती, जरा रुसल्यासारखी.

टाकी रिकामी करून धुतली, नवं डिझेल भरलं, आणि रविवारच्या आत चिखलणीही झाली, रोपंही लागली. इनसू आला. बांधावर उभं राहून त्यानं हिरव्या रांगा पाहिल्या, आईला मागं बसवून ट्रॅक्टरची एक फेरीही मारली. ओकबुननं मनातल्या मनात चौदाव्या मजल्याला रामराम ठोकला.

"आई, ट्रॅक्टर तर नव्यासारखा चालतोय!" इनसू म्हणाला. "आत्ताच विकायला हवा. आता चालतोय तोवर चांगलं गिऱ्हाईक मिळेल. पुढच्या रविवारी ग्वाक म्हणून एक आहेत, त्यांना घेऊन येतो. यंदाचं तू केलंस, झालं की. आता चल."

तो गेल्यावर ओकबुननं दुचिलला गाठलं. "मासा बांधायचा."

"कुठला मासा? मी प्यायलो ना तो."

"दुसरा आण. आणि यावेळी असा बांध की दिसायला नको."

"आणतो, वहिनी. बांधतो."

रविवारी ग्वाक आले. जाडजूड, हातात पांढरे हातमोजे, ट्रॅक्टरला लाथ मारून बघणारे. झाकणाभोवती ना मासा होता ना दोरा. ओकबुननं मनात दुचिलची पाठ थोपटली, काय शिताफीनं लपवलंय म्हणून. ग्वाक चढले, इनसू मडगार्डवर बसला, आणि ट्रॅक्टर टेकडीकडं निघाला. ओकबुन आणि दुचिल मागून चालत होते. पुन्हा धुकं उतरलं होतं.

वळणावर आले. खॉक, खॉक. घरघर. पांढरा लोट निघाला, वाऱ्याच्या उलट टेकडी चढला.

"काय झालं?" ग्वाक म्हणाले.

"पहिल्यांदाच होतंय," इनसू म्हणाला. "डिझेल बघा जरा."

ग्वाकांनी झाकण फिरवलं. हुस्स्स्स. त्यांच्या तोंडावर माकगलीचा वास आला. त्यांनी वर बघितलं, तर धुरात बुडालेलं ते थडगं.

"ते कुणाचं?"

"माझ्या बाबांचं," इनसू हळूच म्हणाला. त्याचा रंग उडाला होता. हा उसासा त्याच्याही लहानपणाचा होता. "ट्रॅक्टरही त्यांचाच."

ग्वाक हातमोजे तिथंच टाकून चालू पडले. इनसू थडग्यासमोर गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून, "चुकलो बाबा, आईला नेत नाही," असं पुटपुटत किती तरी वेळ बसला, आणि मग ग्वाकांना गाठायला धावला.

ओकबुन तोंडाला पदरासारखा रुमाल लावून हसत होती. "झकास बांधलास रे दुचिल. बाहेरून काही दिसलंसुद्धा नाही."

दुचिल हसत नव्हता. "मी? वहिनी, बाजारात मासाच मिळाला नाही. झाकणावर काही नाही बघून मला वाटलं, तुम्हीच आतून बोळा घातलात."

दोघं ट्रॅक्टरपाशी गेले. दुचिलनं झाकण उचलून डोळ्यासमोर धरलं. भोक स्वच्छ होतं. त्यातून पलीकडचं धुकं दिसत होतं, आणि धुक्यातला तो हिरवा उंचवटा.

दुचिलनं झाकण ओकबुनच्या हातात दिलं आणि सायकल न घेताच गावाकडं पळाला.

ओकबुननं झाकण बसवलं. टेकडी चढून वर गेली आणि उंचवट्यावरचं वाढलेलं गवत उपटून टाकलं.

"उभ्या जन्मात गिऱ्हाइकाशी खोटं बोलता आलं नाही तुम्हाला, इनसूचे बाबा," ती म्हणाली. "ठसका लागायचा."

मग जरा थांबून म्हणाली, "आजही लागलाच म्हणा."

खाली येऊन तिनं किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच फिरकीत सुरू झालं.