जू ठेवून घेतलेलं मशीन

आमची लेक अंबिका सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली आणि त्याच आठवड्यात आमच्या हिनं जाहीर केलं, "बाळाची गोधडी मी स्वतः शिवणार."

मी पेपर खाली ठेवला. निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी आमचं लग्न झालं. तेव्हापासून कालिंदीनं माझ्या शर्टांना बटणं पुष्कळ लावली (त्यातली निम्मी समोरच्या काजाशी बोलत नाहीत), पण गोधडीचं काम वेगळं. चार पदर एकावर एक अंथरायचे आणि काठापासून मध्यापर्यंत टाका टाका करत जायचं. हिच्या माहेरी सगळे कारकून आणि भिक्षुक. गोधड्या कुणीतरी शिवून द्यायचं.

"आता माघार नाही," ही म्हणाली. "कन्नड गावच्या विहीणबाई म्हणाल्या, 'तुम्हा शहरातल्यांना कुठलं जमतंय, मीच पाठवते.' माझ्या तोंडून निघून गेलं, बारशाला बाळ माझ्याच हातच्या गोधडीवर निजेल."

मग तिनं ट्रंकेतून तिच्या आईचं इरकली लुगडं काढलं. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. सासूबाईंची मागे राहिलेली वस्तू म्हणजे एवढीच. "वरचा पदर याचा," ती म्हणाली, आणि जरा वेळ त्याच्यावरून नुसता हात फिरवत बसली.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, "हातानं शिवत बसलीस तर बाळाची मुंज येईल. आपण मशीन घेऊ."

एवढंच ठरलं. पुढचं सगळं काकासाहेबांमुळं झालं. काकासाहेब आमच्या ऑफिसात जावक टपालाची बारनिशी सांभाळतात. गाव पिशोर, घरी शेती, आणि बैल पारखण्यात पंचक्रोशीत नाव. मी सहज विषय काढला, तर म्हणाले, "मशीन घ्यायचं अन्‌ मला न सांगता? सदाशिवराव, फसताल. मशीन म्हंजी काय, जनावरच की ते!"

शनिवारी ऑफिस अर्ध्या दिवसात सुटलं आणि आम्ही तिघं गुलमंडीवरच्या बद्रीनाथशेठच्या दुकानात गेलो. काकासाहेबांच्या सांगण्यावरून गोधडीचे चारही पदर कच्चे टाके घालून सोबत घेतले होते.

शेठनी हिला स्टूल दिलं आणि समोर एक छोटं हातमशीन ठेवलं. काळं, तुकतुकीत, वर सोनेरी वेल. हिनं आपला रुमाल घातला, चाक फिरवलं, आणि मशीन कुरकुर न करता चालू लागलं. "हे बरं आहे हो," ही म्हणाली. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

"वैनी, थांबा जरा," काकासाहेब पुढं झाले. "शेठ, दात दाखवा."

शेठनी दचकून तोंड मिटलं.

"मशीनचे हो! सुईखाली कपडा वढणारे."

शेठनी पट्टी सरकवून दाते दाखवले. काकासाहेबांनी बोट फिरवलं आणि मान हलवली. "कवळे हायत. आन्‌ रुमाल काय घालता? बैल रिकामा पळवून घेत्यात व्हय? जू ठिवून बघावं लागतं."

"चार पदर घालून बघू," मी म्हणालो.

"चार कशाला? आमी दोन पोत्यांच्या बैलाला चार पोती लादून बघतो. घडी घाला गोधडीची!"

मला ते पटलं. (मला समोरचा मोठ्यानं बोलला की पटतं.) आम्ही गोधडीची घडी घातली, म्हणजे झाले आठ पदर. छोट्या मशीनची सुई पहिल्या टाक्यालाच मोडली. "बघा!" काकासाहेब म्हणाले. दुसरं मशीन सहा टाक्यांवर अडलं. तिसऱ्याचा पट्टाच निसटला. काकासाहेब दर वेळी माझ्याकडे पाहत, आणि मी जन्मभर मशीनंच पारखत आल्यासारखी मान हलवी.

"अहो, पण मला चारच पदर शिवायचेत," ही म्हणाली.

"तुला त्यातलं कळत नाही," मी म्हणालो. (हे वाक्य मी परत घ्यायला तयार आहे. तिनं अजून घेऊ दिलेलं नाही.)

शेवटी शेठ घाम पुसत म्हणाले, "साहेब, मागं एक धूड पडलंय. मंडपवाल्याचं. कनाती शिवायचं."

शेठनी स्वतः पायडल मारलं आणि त्या धुडानं आठ पदर तर शिवलेच, वर चाचणीसाठी घातलेली गोणपाटाची पिशवीही शिवली. काकासाहेबांचे डोळे पाणावले. त्यांनी लगेच आपलं उपरणं शेठच्या हातावर टाकलं आणि बैलबाजाराच्या रिवाजानं, उपरण्याखाली शेठची बोटं धरून भाव सुरू केला.

"साहेब, हात सोडा," शेठ कळवळले. "भाव पाटीवर लिहिलेला आहे!"

मशीन हातगाडीवरून घरी आलं. चार हमालांनी ते ओसरीवर चढवलं आणि ओसरीची एक फरशी दबली. अडचण लगेच कळली. हिनं पाय पायडलवर ठेवले तर पायडल हलेना. ही दोन्ही पायांनी उभी राहिली, तरी ते ढिम्म.

"तुम्ही पायडल मारा, मी कापड धरते," ही म्हणाली.

मग मी खुर्ची लावून पायडल मारू लागलो आणि ही शेजारी वाकून गोधडी धरू लागली. एकदा धूड सुरू झालं की थांबेना. ही "थांबा" म्हणायची, तोवर शिलाई वीतभर पुढं गेलेली असायची. एकदा माझ्या धोतराचा सोगा आत गेला आणि दूधवाला आला तेव्हा मी गोधडीसकट उठलो. तरी दोन महिन्यांत काम उरकलं. त्याच आठवड्यात अंबिका बाळंत झाली. मुलगा. आता बारशाला बारा दिवस.

बाळ बघायला काकासाहेबांच्या मंडळी सरूबाई आल्या. हिनं हौसेनं गोधडी दाखवली. सरूबाईंनी ती हातात घेतली, वाकवून बघितली, मग भिंतीला टेकवली. गोधडी उभी राहिली.

"वैनी, ही गोधडी हाय का पत्रा? लेकराची पाठ सोलून निगंल की."

कनातीचा दोरा आणि बोटाबोटावर शिलाई. हिनं लुगड्यावरून हात फिरवला. साय कुठंच नव्हती. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आईचं दुसरं लुगडं नाही हो माझ्याकडं," ती म्हणाली. मला ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

मी ऑफिसात रजेचा अर्ज टाकला (कारण: घरगुती दुरुस्ती) आणि अर्धं ब्लेड घेऊन उसवायला बसलो. लुगड्याला कुठं चीर जाऊ नये म्हणून एकेक टाका श्वास रोखून कापला. पाच दिवस लागले. बोटांना सात पट्ट्या लागल्या, पण लुगडं शाबूत निघालं. ते मी धुऊन वाळवून हिच्या पुढ्यात ठेवलं. तिनं माझ्या पट्ट्या मोजल्या आणि माझ्या चहात दोन चमचे साखर जास्त घातली.

मग सरूबाईंनी तिला सुई धरायला शिकवलं. "टाका लई वढू नका. कापडाला श्वास घिऊ द्या." दोघी दिवसभर समोरासमोर बसून धावदोरा घालत. पहिल्या ओळी पार नागमोडी गेल्या, त्या सरूबाईंनी उसवायला लावल्या. मग सरळ यायला लागल्या. बारशाच्या सकाळी शेवटचा टाका पडला.

विहीणबाई आल्या. गोधडी उलटी केली, सुलटी केली, गालाला लावून बघितली. "चांगली जमली की हो," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे निघणं म्हणजे पुष्कळच. "पर टाके इतके सारखे? कंचं मशीन हाय?"

हिनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं. माझ्या बोटांकडंही पाहिलं.

"यांनी निवडलेलं आहे," ती म्हणाली.

स्वतःच्या हातच्या टाक्यांचं श्रेय तिनं माझ्या मशीनला देऊन टाकलं. पण विहीणबाई उठल्या. "बघू तरी. चालवून दाखवा." आता आली का पंचाईत! मी मुकाट्यानं खुर्चीवर बसलो आणि दोरा न ओवताच पायडल मारू लागलो. धडाम्‌ धडाम्‌ ओसरी हादरू लागली. आत पाळण्यात सकाळपासून किंचाळणारं बाळ एकदम गप्प झालं. अंबिका घाबरून धावली आणि तोंडावर बोट ठेवून परत आली. "बाबा, झोपला! थांबू नका."

मी थांबलो. बाळ रडलं. मी सुरू केलं. बाळ झोपलं. विहीणबाईंना मशीन फार पसंत पडलं.

तेव्हापासून ऑफिसातून आल्यावर चहा होतो न होतो तोच मी ओसरीवर रिकामं मशीन ओढतो. ही शेजारी बसून दुसरी गोधडी शिवते, अर्थात हातानं. परवा काकासाहेब आले. माझ्याभोवती एक फेरी मारून त्यांनी माझ्या पोटऱ्या निरखल्या.

"वैनी, मशीनच्या बाबतीत चुकलंच माजं," ते म्हणाले. "पर बैल लई गुणाचा निघाला बघा."

"तो आमच्या वडिलांनी घेतला," ही सुईवरची नजर न काढता म्हणाली. "नुसती पत्रिका बघून. जू ठेवून कुणी पाहिलाच नव्हता."

याला सडेतोड उत्तर द्यावं म्हणून मी पाय थांबवले. आत बाळानं ट्यँ केलं. काकासाहेबांनी टाळूला जीभ लावून "टक्‌ टक्‌" असा आवाज काढला, आणि मी चालू लागलो.