कडकशेठ व्हर्जन बदलतात

"एक अक्षर इकडचं तिकडे होणार नाही! माझा शब्द आहे!" कडकशेठ फोनवर इतक्या जोरात ओरडले, की काउंटरपाशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने आपला कोट दोन्ही हातांनी छातीशी धरला.

कडकशेठचं खरं नाव सांगायला त्यांच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागे. लाँड्री त्यांची, खळ त्यांची आणि स्वभावही त्या खळीतून काढल्यासारखा. त्यांच्याकडून आलेला शर्ट खुंटीला टांगावा लागत नाही, भिंतीला टेकवून ठेवला तरी उभा राहतो, असं लोक म्हणत. लोक ते चेष्टेने म्हणत. शेठ ते प्रशस्तिपत्र समजत.

या लाँड्रीत कागदाच्या चिठ्ठ्यांना बंदी होती. "चिठ्ठी भिजते, फाटते, इस्त्रीखाली जाऊन जळते! ॲप भिजतं का कधी?" असा शेठचा सवाल असे. गाठोडं आलं की त्याला नंबरचा बिल्ला लावायचा आणि काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये, नोंदींच्या ॲपात, त्या नंबरपुढे गिऱ्हाईक कोण आणि काम काय ते लिहायचं. पुढचा नंबर ॲप आपला आपणच देई. सकाळी काउंटरवर शेठाणी आणि मागच्या धुलाईखोलीत शेठ. दुपारी जेवणं झाली की अदलाबदल.

खरं म्हणजे शेठाणींना कुठल्या गिऱ्हाइकाच्या कुठल्या बाहीवर कसला डाग आहे, हे सगळं तोंडपाठ असायचं. पण शेठनी त्यांनाही दम दिला होता. "डोक्यात काही ठेवायचं नाही! ॲपमध्ये आहे ते खरं. तुझी आठवण म्हणजे पुरावा नव्हे!"

"बरं," शेठाणी म्हणाल्या होत्या. त्यांचं 'बरं' जरा लांब असे. शेठना ते कधी ऐकू येत नसे.

तर आज फोनवर होता शेठाणींचा धाकटा भाऊ. कॉम्प्युटरच्या धंद्यातला. त्याच्याकडून काहीही शिकायचं म्हटलं की शेठच्या कपाळावर आठ्या पडत.

"भाऊजी, नीट ऐका. तुमचं ॲप कॉम्प्युटरच्या स्टोअरमधून घेतलेलं आहे. ते व्हर्जन आता बंद पडणार. कंपनीच्या वेबसाइटवरचं घ्यायचं. पण ती दोन ॲपं वेगळी! एकातल्या नोंदी दुसऱ्यात आपोआप जात नाहीत. आधी बॅकअप घ्यायचा, मग नवं टाकायचं, त्यात बॅकअप उघडायचा, सगळं आलंय का बघायचं आणि शेवटी जुनं काढून टाकायचं. मी रविवारी येतो ना."

"कशाला? या पिंपातलं पाणी त्या पिंपात ओतायचं! त्यात काय मोठी इंजिनिअरिंग? उलट तूच ये रविवारी, मी तुला करून दाखवतो!"

आणि सांगायला हवं, की शेठनी ते केलं. अगदी बिनचूक! बॅकअप घेतला. त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली, दुसरी स्वतःलाच मेल केली आणि ती पोचली का हे बघायला स्वतःलाच फोन लावता येईना म्हणून शेठाणींना मेल उघडायला लावला. नवं ॲप टाकलं, बॅकअप उघडला, आणि बघता बघता सगळ्या नोंदी सरसर खाली उतरल्या. शेठ एकेक मोठ्याने वाचू लागले.

"'सोफ्याचं कव्हर, मांजराचे केस.' आलं! 'निळी पँट, चेन अडकते, ओढू नये.' आलं! 'डाग विचारू नये.' हेही आलं!"

राहिली फक्त शेवटची पायरी. जुनं ॲप काढायचं. शेठनी बटणावर बाण नेला आणि पडद्यावर पाटी आली : 'या ॲपसोबत त्यातील सर्व माहिती नष्ट होईल. नक्की?'

शेठचा हात जागच्या जागी थिजला. नष्ट? आणि वर 'नक्की?' असं विचारतंय! कुणी भल्या माणसाने असं विचारावं का? उभ्या आयुष्यात कुणाचा हातरुमाल हरवला नव्हता त्यांनी.

"असू दे बिचारं पडून," ते पुटपुटले. "खायला का मागतंय?"

आणि मेव्हण्याला फोन करून त्यांनी सांगितलं, "झालं! एकही नोंद हरवली नाही!" जुन्याचा विषय त्यांनी काढला नाही. बायकोपुढेही काढला नाही. कारण काढायला धजावलो नाही, हे सांगायचं कसं?

आता कॉम्प्युटरवर दोन ॲपं झाली. दोघांचं चिन्ह तेच, निळ्या चौकोनात पांढरी पेन्सिल. जुनं खालच्या पट्टीत, नवं वरच्या कोपऱ्यात. शेठ दुपारी ऐटीत वरचं उघडत. शेठाणी सकाळी सवयीने खालचं उघडत. आणि दोन्ही ॲपं, एकाच आईची लेकरं असल्यासारखी, एकाच जागेवरून पुढे नंबर देऊ लागली.

पहिला खटका एका स्वेटरवरून उडाला. दुपारी गिऱ्हाईक स्वेटर न्यायला आलं आणि शेठना नोंदच सापडेना.

"अगं, स्वेटरची नोंद केली नाहीस?"

"केली की!" शेठाणी हात पुसत मागून आल्या, माउस हातात घेतला, खालचं चिन्ह दाबलं. "ही काय!"

शेठनी डोळे बारीक केले. घटकेपूर्वी नव्हती, आता आहे! गिऱ्हाइकासमोर अडाणी ठरायला ते तयार नव्हते. "हां. नवं व्हर्जन आहे ना. नोंद मुरायला वेळ लागतो."

गिऱ्हाइकाने मान डोलावली. शेठाणींनीही डोलावली. लोणचं मुरतं तर नोंदही मुरत असेल!

जुळ्या नंबरांना दोन्हीकडे साधी धुलाईच होती, तोवर निभावलं. मग आला चारशे सोळा नंबर.

सकाळी बँडमास्तर आले. नव्या पुलाचं उद्घाटन होतं आणि त्यांच्या बँडचे काळे गणवेश धुऊन धुऊन राखेच्या रंगाचे झाले होते. घाईत होते, बांधलेलं गाठोडं ठेवून म्हणाले, "पक्का काळा रंग द्या, वहिनी. मंत्री येणार आहेत!" शेठाणींनी खालच्या ॲपात लिहिलं. नंबर मिळाला चारशे सोळा.

दुपारी दातांच्या डॉक्टरीणबाईंची मदतनीस आली. तिनेही बांधलेलं गाठोडं ठेवलं. "बाईंचे कोट आहेत. भरपूर खळ घाला. शाळेत मुलांचे दात तपासायचं शिबिर आहे, बाईंना टापटीप लागते." शेठ खूश! भरपूर खळ मागणारं गिऱ्हाईक म्हणजे त्यांना पाहुणाच. त्यांनी वरच्या ॲपात लिहिलं. नंबर मिळाला चारशे सोळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ धुलाईखोलीत. हाताला लागेल ते गाठोडं घेतलं, बिल्ला बघितला आणि हाक मारली.

"चारशे सोळाचं काय करायचं गं?"

काउंटरवरून उत्तर आलं. "पक्का काळा रंग!"

शेठनी गाठोडं सोडलं. आत पांढरेशुभ्र कोट.

"अगं, पांढरे आहेत!"

"मग पांढऱ्यालाच काळा रंग देणार ना! काळ्याला काय द्यायचा?"

शेठ विचारात पडले. बोलणं बिनतोड होतं. "पण तुला नक्की आठवतंय?"

"आठवायचं नाही असं तुम्हीच सांगितलंय. ॲपमध्ये आहे."

ॲपमध्ये आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला! शेठनी रंगाचं पिंप तापवलं आणि कोट आत सोडले. पक्का म्हणजे पक्का! कोळशाशेजारी ठेवले असते, तर कोळसा मळका दिसला असता.

दुपारी शेठाणी मागे गेल्या. त्यांच्या हाताला दुसरं गाठोडं लागलं.

"अहो, चारशे सोळा?"

"भरपूर खळ!" काउंटरवरून आवाज आला. शेठनी नंबरापुढचं काम तेवढं वाचलं होतं; सकाळचा नंबर डोक्यात ठेवायचा नाही, हा नियम त्यांनाही होता. "हात आखडता घेऊ नकोस!"

शेठाणींनी गाठोडं सोडलं. आत बँडचे गणवेश. त्यांना लख्ख आठवलं, बँडमास्तर रंग म्हणाले होते. आणि हा नंबर तर सकाळीच झाला होता! तोंड उघडलं, आणि मिटलं. आपली आठवण म्हणजे पुरावा नव्हे. बँडमास्तरांनी विचार बदलून ह्यांना फोन केला असेल. शेठाणींनी बादलीभर खळ कालवली आणि हात अजिबात आखडता घेतला नाही.

दोन्ही गाठोडी बांधून झाल्यावर, कुठलं कुणाकडे जायचं हे मात्र बरोबर जमलं. कारण बँडमास्तर आपलं गाठोडं स्वतःच ओळखून घेऊन गेले आणि डॉक्टरीणबाईंची मदतनीस आपल्या गाठोड्याच्या नाड्यांवरून!

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी बँडवाल्यांनी गाठोडं सोडलं, तर पँटी उभ्याच होत्या. दुसरे कपडे नव्हते. माणसं नळात शिरावं तशी वरून आत उतरली. चालताना पत्रा वाजल्यासारखा आवाज येत होता. ट्रम्पेटवाल्याचा कोपर वाकेना, तेव्हा शेजाऱ्याने त्याचं ट्रम्पेट धरलं आणि त्याने शेजाऱ्याचं क्लॅरिनेट. बँडमास्तरांनी सुरुवातीची खूण करायला हात वर केला, तो वरच राहिला! बँडला शिकवलेलं होतं, की हात खाली आला की थांबायचं. हात खाली येईना. मंत्र्यांनी फीत कापली, भाषण केलं, चहा घेतला, गाडीत बसले, तरी बँड वाजतोच आहे!

तिकडे शाळेत डॉक्टरीणबाईंनी कोट बाहेर काढला आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. तेवढंच काय ते पांढरं उरलं होतं. वेळ नव्हता, तोच घालून बसल्या. पहिलाच मुलगा दारात थबकला आणि बाईंना म्हणाला, "मी काही केलं नाही, वकीलबाई!" आणि पळाला. त्याच्यामागे रांग पळाली.

त्याच दुपारी लाँड्रीच्या दारातून दोन माणसं एकदम आत शिरायला बघत होती. बँडमास्तरांचा हात अजून वर असल्याने त्यांना आडवं शिरावं लागलं.

"शेठ, हा काय प्रकार आहे?" डॉक्टरीणबाई कडाडल्या. "नंतर दवाखान्यात एक पेशंट म्हणाला, मी दाताला आलोय, घटस्फोटाला नाही!"

"आणि मी दोन तास मंत्र्यांपुढे हात वर करून उभा होतो!" बँडमास्तर म्हणाले. "त्यांना वाटलं, माझा काही प्रश्न आहे. तीनदा विचारलं हो त्यांनी!"

शेठनी छाती पुढे काढली. "थांबा! इथे तोंडी कारभार नाही. नोंद बघू!" त्यांनी वरचं ॲप उघडलं. "चारशे सोळा, डॉक्टरीणबाईंचे कोट, भरपूर खळ. बघा! बरोबर लिहिलंय!"

"काहीतरीच काय!" शेठाणींनी माउस ओढून घेतला आणि खालचं ॲप उघडलं. "चारशे सोळा, बँड, पक्का काळा रंग. बघा! बरोबरच लिहिलंय!"

दोन खिडक्या, दोन चारशे सोळा. शेजारी शेजारी.

शेठच्या तोंडचं पाणी पळालं. स्वेटर आठवला. मुरणारी नोंद आठवली. 'असू दे बिचारं पडून' हेही आठवलं. ते पंख्याकडे बघू लागले.

"शेठ," डॉक्टरीणबाई थंडपणे म्हणाल्या, "हा रंग जाईल ना?"

आयुष्यात पहिल्यांदाच शेठना आपल्या कामाची लाज वाटली. "नाही हो," ते पडलेल्या आवाजात म्हणाले. "पक्का आहे."

नवे पांढरे कोट शिवून द्यायचं कबूल झालं. बँडचे गणवेश फुकट रंगवायचं कबूल झालं. बँडमास्तरांच्या बगलेत गरम पाण्याचा हबका मारून त्यांचा हात एकदाचा खाली आणला. ते गेल्यावर शेठनी दाराची पाटी उलटी केली, घसा खाकरला आणि मेव्हण्याला फोन लावला.

मेव्हणा आला. त्याने एक शब्दही टोमणा मारला नाही, हे शेठना जास्त झोंबलं. त्याने जुन्यातल्या नव्या नोंदी बाहेर काढल्या, नव्या ॲपात घातल्या, दुहेरी झालेले नंबर सुटे केले, सगळं दोनदा तपासलं.

"भाऊजी, एक मात्र खरं हं. एकही नोंद हरवलेली नाही. सगळं शाबूत आहे."

"ऐकलंस?" शेठ बायकोकडे वळून म्हणाले. मान किंचित ताठ झाली होती.

"आता हे जुनं काढतो," म्हणत मेव्हण्याने खालच्या चिन्हावर बाण नेला.

"थांब!" शेठाणी ओरडल्या. "ते माझं आहे!"

"तुझं?" मेव्हण्याने विचारलं.

"मग काय! दोन दोन दिसायला लागली, तेव्हा माझ्या लक्षात नाही का आलं? मला वाटलं, ह्यांनी स्वतःला एक घेतलं आणि मला एक वेगळं घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी काहीतरी आणलं. म्हणून मी ह्यांच्या ॲपाला हातसुद्धा लावला नाही!"

मेव्हणा छताकडे बघू लागला. शेठना मात्र बुडत्याला फळी दिसावी तसं झालं. एवढ्या अपमानातून सन्मानाने बाहेर पडायची हीच वाट होती!

"हो ना!" ते लगबगीने म्हणाले. "तुझ्यासाठीच तर ठेवलं होतं. मुद्दाम! म्हटलं, तुलाही असावं स्वतःचं."

शेठाणींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"म्हणजे दोन आहेत हे ठाऊक असूनही 'नोंद मुरते' म्हणालात?"

"अं... हो."

"पहिल्या दिवसापासून?"

शेठनी मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हणा पेनड्राइव्ह खिशात घालून, चपला हातात घेऊन, दरवाजापर्यंत पोचलेला होता.